पुढच्या फळीवरचं वजन

३ मार्च

प्रिय मेहुणीबाई,

नमनालाच घडाभर तेल नको, म्हणून खुशालीचं तूच समजून घे. तुझी ताई आणि मी, दोघंही ठणठणीत आहोत. आता म्हणशील, दाजींनी फोन सोडून पत्र का लिहिलं? तर या घरात मी फोन हातात घेतला की तुझी ताई स्वयंपाकघरात असली तरी तिचे कान बैठकीत येऊन बसतात. आणि तू दुकानात असलीस की "हं दाजी, बोला, बोला" म्हणत दुसऱ्याच गिऱ्हाइकाला बॅटरी दाखवत असतेस.

काम तुझ्याच धंद्यातलं आहे. निवृत्त झाल्यावर मी मासे धरायला लहानशी होडी घेतली, ते तुला माहीत आहे. तिला मागे पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन आहे, बटण दाबलं की सुरू होणारं. आता पुढच्या टोकावर एक ट्रोलिंग मोटर बसवली आहे. ही विजेवर चालते आणि मासा दचकू नये म्हणून आवाज न करता होडीला हळूहळू नेते. गणवेशाच्या कारखान्यातल्या मंडळींनी निरोपाची भेट म्हणून दिली. सारा जन्म कापड कापणाऱ्या माणसाला कात्री द्यायची सोडून मोटर दिली, म्हणजे मी परत कारखान्यात तोंड दाखवू नये अशी इच्छा असावी.

तर प्रश्न असा, की या दोन्हींना मिळून बॅटरी कोणती घ्यावी? सध्या एक आहे, पण ती जुनी झाली आहे. विशेष काही घडलेलं नाही, आपलं सहज विचारतो. इथला दुकानदार म्हणतो, एकच मोठी घ्या, दोन्ही कामं भागतील. एका कापडात दोन सदरे निघत असतील तर कोणाला नको आहेत? पण घरची मेहुणी बॅटरीवाली असताना परक्याचं ऐकलं तर तू मला जन्मभर टोमणे मारशील.

लवकर कळव. ताईला यातलं काही बोलू नकोस. तिला बॅटरीतलं काही कळत नाही, उगाच तिच्या डोक्याला ताप.

तुझा दाजी


५ मार्च

चिमणे,

यांनी तुला पत्र टाकलंय. ताकास तूर लागू न देता टाकलंय असं यांना वाटतं. पाकीट माझ्याच डब्यातून घेतलं आणि तुझा पत्तासुद्धा मलाच विचारला, "आपला सहज" म्हणून.

"विशेष काही घडलं नाही" असं लिहिलं असणार. काय घडलं ते माझ्याकडून ऐक. मागच्या आठवड्यात हे सकाळी होडी घेऊन गेले. सकाळभर त्या मुक्या मोटरवर तळ्यात हिंडले. परतायच्या वेळी मागच्या इंजिनाचं बटण दाबलं तर नुसतं टक् झालं आणि पुढे काही नाही. बॅटरी एकच, आणि ती पुढच्या मोटरनं पिऊन टाकलेली. दोरी ओढूनही इंजिन सुरू होतं म्हणे, पण ओढायला उजवा खांदा कुठे उरलाय? तो कात्रीनं कधीच खाल्ला. त्यात वारा सुटला आणि होडी पलीकडच्या उंच गवतात जाऊन रुतली.

जेवायला आले नाहीत म्हणून मी धक्क्यावर गेले. गवताच्या वर यांची टोपी तेवढी दिसत होती. हाक मारली तर वारा माझ्याच तोंडावर परत आणून टाकत होता. किती वेळ उभी होते, देव जाणे. शेवटी तळ्यातलं गवत कापणारी बोट आली, तिनं दोर टाकून यांना ओढत आणलं. मी गर्दीतून गुपचूप घरी आले. मागून हे आले ते काय म्हणाले? "आज मासेच नव्हते."

तेव्हापासून यांनी टोपी उचलली की मी काम टाकून दहादा धक्क्याकडे बघून येते. होडी विका म्हणून सांगायची माझी छाती होत नाही, इतके खूश असतात तिच्यावर. म्हणून तुला गळ घालते. तू यांना लिही की असल्या होडीला चालेल अशी बॅटरी निघतच नाही. तू या धंद्यातली, तुझ्या शब्दाबाहेर हे जाणार नाहीत. मोटर पडून राहील, मग होडीही धक्क्याला पडून राहील. बहिणीसाठी एवढं कर.

तुझी ताई


९ मार्च

ती. दाजी,

पत्र पोचलं. बॅटरी म्हणजे कोथिंबिरीची जुडी नव्हे, की मागितली आणि पिशवीत टाकली. सल्ला द्यायच्या आधी काही माहिती लागेल. मोटर किती व्होल्टची? पूर्ण जोरात किती अँपिअर खाते? बॅटरी ठेवायच्या जागेची लांबी, रुंदी, उंची? इंजिनाच्या पुस्तिकेत बॅटरीबद्दल काय छापलंय? तुम्ही एका खेपेला साधारण किती हिंडता? तळ्यावर वारा असतो का? तुम्हाला पोहता येतं का?

आणि आहे त्या बॅटरीला नक्की काय झालंय? खरंच नुसती जुनी झालीय?

सावकाश कळवा. मला घाई नाही.

तुमची मेहुणी


१४ मार्च

मेहुणीबाई,

पोहता येतं का म्हणून काय विचारतेस? बॅटरी विकतेस की मुलगी देतेस? रस्त्यावरून आलेल्या माणसाला चहा थंड व्हायच्या आत बॅटरी देऊन वाटेला लावतेस, आणि घरच्या माणसाची उलटतपासणी! (येतं. फार नाही.)

घे उत्तरं. मोटर बारा व्होल्टची. पूर्ण जोरात पन्नास अँपिअर खाते, पण मी निम्म्याच्या वर कधी नेत नाही. पुस्तिकेत लिहिलंय की इंजिन सुरू करायला स्टार्टिंग बॅटरीच लावा. त्याखाली बरंच बारीक छापलंय, ते मला दिसत नाही. बॅटरीचं खोकं मी स्वतः ठोकलंय आणि चारी बाजूंनी दोन बोटं सैलपणा ठेवलाय. अंगाला घट्ट बसलेलं मला खपत नाही, मग ते खोकं का असेना. शिवाय बॅटरीला जाड कॅनव्हासचा कोट शिवलाय. आतून अस्तर, गळ्यापर्यंत बटणं. दव म्हणून लागत नाही. इतका चपखल कोट आमच्या कारखान्यात कोणा साहेबालाही कधी मिळाला नसेल.

तू सावकाश म्हणतेस, पण मला सावकाश चालत नाही. का ते सांगतो, हसू नकोस. घरी बसलो की सकाळ सरता सरत नाही. तुझी ताई कामात असते आणि मी सारखा तिच्या पायात येतो. दिवसातून दहादा "जरा सरका" ऐकतो. पाण्यावर मला कोणी सरका म्हणत नाही. तिथं मी खरंच सुखात असतो ग. तिला सोबत चल म्हणावं असं मनात येतं, पण इतकी वर्षं कधी कुठे चल म्हटलं नाही, आता कोणत्या तोंडानं म्हणू? आणि ती नाही म्हणाली तर?

ते असो. महिनाअखेरपर्यंत तुझं काही ठरलं नाही, तर मी इथली एकच मोठी बॅटरी घेऊन मोकळा होणार.

तुझा दाजी


१७ मार्च

ताई,

तुझं पत्र आल्यापासून माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली आहे. दाजींना खोटं लिहायला दोनदा बसले. दोन्ही वेळा कागद फाडला. तू रागावशील, पण मला हे जमायचं नाही. बॅटरी असताना नाही असं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आणि समज, सांगितलं. दाजी गप्प बसतील? ते तिथल्या दुकानदाराकडून एकच मोठी बॅटरी आणतील. ती सकाळी थोडी जास्त चालेल म्हणून ते आणखी लांब जातील, आणि तिथं इंजिन बंद पडेल. तू धक्क्यावर उभी राहशील तेव्हा टोपीसुद्धा दिसायची नाही.

त्या दिवशी दाजींचं वय आड आलं नाही ग, बॅटरी आड आली. स्टार्टिंग बॅटरी ही कपाट उचलायला बोलावलेल्या गड्यासारखी असते. एकदा सगळा जोर लावायचा आणि बाजूला व्हायचं. तिला सकाळभर पाणी वाहायला लावलं तर ती बसकण मारणारच. दोन कामांना दोन वेगळ्या बॅटऱ्या हव्यात. पुढची पूर्ण उतरली तरी मागची ताजीतवानी राहते आणि माणूस जेवायच्या वेळी घरी येतो.

तुझी काळजी मला समजते. पण त्यांना घरात बसवून ती जायची नाही. मग ते रोज खिडकीतून तळं बघतील आणि तू त्यांच्याकडे बघत बसशील. तू हो म्हण, मी बॅटऱ्या नीट निवडून पाठवते. तुझ्या होकाराशिवाय पाठवणार नाही.

चिमणी


२० मार्च

चिमणे,

तुला बहीण म्हणावं की बॅटरीवाली, हेच कळेनासं झालंय. खिडकीचं लिहिलंस ते मात्र खरं आहे. आत्तासुद्धा तिथंच उभे आहेत.

पाठव. पण पुन्हा अडकले तर तुझ्या दुकानात आणून सोडीन, मग बसव त्यांना काउंटरवर.

ताई


२३ मार्च

ती. दाजी,

उशीर झाला, माफ करा. दोन बॅटऱ्या पाठवते आहे. आता नीट वाचा आणि चष्मा लावून वाचा.

एकच मोठी घेतलीत तर एक ना धड भाराभर चिंध्या, हे तुमच्यासारख्या कापडातल्या माणसाला मी सांगायला नको. लहान काळी बॅटरी आहे ती शिसं-ॲसिडची, स्टार्टिंगची. ती फक्त मागच्या इंजिनाला. तिच्यावर दुसरं काही लावायचं नाही, दिवासुद्धा नाही. निळी आहे ती लिथियमची, शंभर अँपिअर-अवर, फक्त ट्रोलिंग मोटरला. निम्म्या जोरावर तुमची सकाळ आरामात निघेल. शिशाची घेतली असती तर निम्मी उतरली की थांबावं लागलं असतं, नाहीतर लवकर मरते. लिथियमला ते पथ्य नाही, आणि वजनही निम्म्याहून कमी. तुमच्या खांद्याचा विचार करून हीच निवडली. तिचा चार्जर वेगळा आहे, त्याच्यावरच घरी आणून चार्ज करा. इंजिनाच्या तारा तिला जोडू नका.

आता कोट. दाजी, कोट काढा! चार्ज होताना शिशाची बॅटरी ठिणगीनं भडकणारा वायू सोडते, त्याला मोकळी वाट लागते. गळ्यापर्यंत बटणं लावून तुम्ही तिचा श्वास कोंडलात. आणि सैलपणा सदऱ्याला ठेवतात. होडीतली बॅटरी पट्ट्यानं गच्च आवळून बसवायची, नाहीतर लाटेबरोबर सरकते आणि तारा सुटतात. इतकी वर्षं शिकलात ते सगळं होडीत उलटं करा.

सोबत तरंगणारं जाकीट आहे. ते घातल्याशिवाय पाय टाकायचा नाही. पुन्हा गवत कापणाऱ्या बोटीमागून वरात निघायला नको, आणि धक्क्यावर उभं राहून कोणाचे पाय दुखायला नकोत.

तुमची मेहुणी


६ एप्रिल

मेहुणीबाई,

बॅटऱ्या बसवल्या. मागचं इंजिन एका बटणात सुरू होतं, सकाळभर मोटर चालवल्यावरसुद्धा. तुझं कौतुक करायला शब्द आहेत, पण ते वापरले तर तू चढून बसशील.

कोट काढला. आत बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली होती, चार्ज करताना तुझी ताई जवळ नव्हती हे नशीब. मेहनतीचं काम होतं, वाईट वाटलं.

तुझ्या पत्राच्या शेवटावर मात्र मी बराच वेळ अडकलो. वरातीचं तुला कोणी सांगितलं हे विचारत नाही, एवढा खुळा मी नाही. पण ती धक्क्यावर उभी होती, हे मला माहीत नव्हतं. घरी आलो तेव्हा ती भांडी घासत होती. मी मासे नव्हते म्हणालो, ती "बरं" म्हणाली. त्या एका "बरं"मध्ये एवढं होतं, आणि मला ऐकू आलं नाही. तिच्याशी यावर बोलायला जातो आणि माशांचंच काहीतरी बोलून परत येतो.

आता तुझ्या धंद्यातली एक अडचण. होडीचं नाक वर राहतं. मागे इंजिन, त्याची बॅटरी, पेट्रोल आणि मी. पुढे तुझी निळी, ती कापसासारखी हलकी. जरा लाट आली की पुढची मोटर पाण्याबाहेर येऊन नुसती हवेत फिरते. काय करू?

तुझा दाजी


१० एप्रिल

ती. दाजी,

लिथियमचा एवढाच दोष. शिशाची असती तर तिच्याच वजनानं नाक बसलं असतं. उपाय सोपा आहे. पुढच्या फळीवर वजन ठेवा. जाड पिशवीत वाळू भरा, तोंड शिवा, झालं. एक कमी पडली तर दोन. पिशवी शिवायला तुमच्याहून चांगला माणूस मिळायचा नाही.

मेहुणी


२२ एप्रिल

चिमणे,

हे तू काय लिहिलंस यांना? म्हणतात, तुझ्या बहिणीनं कळवलंय की पुढच्या फळीवर माणूसच बसायला हवं. वाऱ्याप्रमाणे डावीउजवीकडे सरकता यावं म्हणून जिवंत वजन लागतं म्हणे. मी म्हटलं, पत्र दाखवा. तर म्हणाले, होडीत ओलं झालं, वाळत घातलं ते उडून गेलं. बरं, मग शेजाऱ्यांना न्या. तर म्हणाले, तिनं वजनाचा आकडा दिलाय, तो तुझ्याशीच जुळतो. माझं वजन ग तुला काय ठाऊक?

खूप नाही नाही म्हटलं. मला धुराची मळमळ, पाण्याची भीती. पण हे दारात उभे, एका हातात माझ्यासाठी आणलेलं दुसरं जाकीट आणि दुसऱ्यात एक गादी, पुढच्या फळीवर घालायला शिवलेली. तोंड असं, जणू मी नापास करणार आहे. मग गेले.

धक्क्यापासून थोडं लांब जाईपर्यंत इंजिन चाललं, तेवढा वेळ मी डोळे मिटून होते. मग यांनी ते बंद केलं आणि पुढची मोटर लावली. चिमणे, काहीच आवाज नाही ग! गवताच्या कडेकडेनं होडी आपोआप सरकते. पाणी लाकडाला लागतं तेवढं ऐकू येतं. आणि हे माझ्याशी हळू बोलायला लागले. सारी हयात शिलाई यंत्रांच्या खडखडाटात गेली, घरीसुद्धा ओरडूनच बोलतात. यांचा एवढा मऊ आवाज मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ऐकला असेल. म्हणाले, "त्या दिवशी तू धक्क्यावर होतीस ना? मला कळवलं का नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठे कळवलंत?" मासा एकच मिळाला, तो मी धरला. हे म्हणतात, गळ यांचा होता म्हणून अर्धा यांचा.

आता रोज जाते. घरी काम तुंबतं, तुंबू दे. ती काळजी कुठे गेली, पत्ता नाही. पण एक विचारते, बहिणीला खरं सांग. माणूसच बसायला लागतं का?

ताई


२७ एप्रिल

ताई,

हो. माणूसच लागतं. या धंद्यात इतकी वर्षं काढली ती उगाच नाही. दुसरं कसलंही वजन चालत नाही, वाळू तर अजिबात नाही. तू रोज जात जा आणि पदर सांभाळून बस.

चिमणी


२ मे

चिमणे,

मी वाळूचं नाव तरी काढलं होतं का ग? लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही. तेवढ्यासाठी मागे मी तुझ्यावर चिडले होते, आता हसू येतंय.

तुझं पत्र यांनी माझ्या आधी वाचलं. दिवसभर शीळ घालत होते. मी विचारलं, काय लिहिलंय तिनं? तर म्हणाले, "तांत्रिक आहे, तुला कळायचं नाही."

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती गादी बघ ना. जाड कापड, कडेला दुहेरी शिलाई, पाठीला टेकायला लोड, आणि बसल्यावर गुडघ्याला फळी लागू नये म्हणून पुढून अर्धगोल कापलेली. असलं काम एका दिवसाचं नसतं. म्हणजे दारात येऊन मला चल म्हणायच्या कितीतरी आधीपासून हे शिवत बसले होते. बरोबर माझ्या मापाची झाली आहे, आणि यांनी मला टेप लावल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं यांना कळवू नकोस. मी ओळखलंय असं कळलं तर लाजतील आणि उद्यापासून खरंच वाळू भरतील. ती जागा माझी आहे.

ताई